फोन बदलू नका, आधी त्याची खुरपणी करा



आज पिकावर नाही, फोनवर लिहितोय. पण फिरून विषय पिकावरच येणार आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा. काहींना राग येईल. येऊ द्या.

गेल्या हंगामात आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, चौदा क्विंटल कापूस गावात आलेल्या व्यापाऱ्याला ६,९०० रुपयांनी घातला. लांब धाग्याचा हमीभाव होता ८,११०. क्विंटलमागं १,२१० रुपये फरक. चौदा क्विंटलचे झाले १६,९४०. ओलाव्याची थोडी कटती धरा, गाडीभाडं धरा, तरी दहा-बारा हजार रुपये हातचे गेले. कारण काय? हमीभावाच्या खरेदीसाठी नोंदणी करायला बसलो, तर सातबाऱ्यावर कापूसच नाही. पीकपेरा कोरा.

नाना म्हणाले, "बापू, मी सोत्ता कापसात उभं राहून फोटू काढले व्हते. लई येळ गोल गोल फिरू राहिलं, मंग मी बंद केलं."

फोन हातात घेऊन बघितला. फोटो होते. गट बरोबर, पीक बरोबर, क्षेत्र बरोबर. नोंद फक्त फोनमध्येच अडकून पडली होती, वर गेलीच नव्हती. फोनमध्ये बोटभर जागा शिल्लक नव्हती. ६४ जीबीच्या फोनमध्ये ४१ जीबी एकट्या व्हॉट्सॲपनं खाल्लेले. गुलाबाची फुलं, सुप्रभात, कुणाच्या तरी साखरपुड्याचे व्हिडिओ, आणि एकच शंकरपटाचा व्हिडिओ सात ग्रुपांवरून सात वेळा.

आणि आमच्या घरातल्या पोरांचा निकाल काय? "नाना, फोन जुना झालाय. वीस हजारात चांगला येतो."

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! बारा हजाराचं नुकसान झालं म्हणून वीस हजाराचा फोन घ्यायचा, आणि त्यातही सहा महिन्यांत तेच तण माजवायचं. वावरात तण झालं म्हणून कुणी वावर बदलतं का? खुरपं घेतो ना आपण?

माझं म्हणणं एवढंच आहे. फोन ही आता करमणुकीची वस्तू राहिली नाही, ते आपलं दप्तर आहे. पूर्वी हे दप्तर तलाठ्याच्या कपाटात असायचं, आता आपल्या खिशात आलंय. आपण मात्र त्याला अजून टीव्हीसारखं वापरतो. आणि याचा दंड शेतकरी भरतो, फोन कंपनी भरत नाही.

दप्तर खिशात आलं म्हणजे काय झालं?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीकपेरा' ही घोषणा तुम्हाला आठवत असेल. त्याआधी गाव नमुना बारा तलाठी भरायचा. किती वेळा बांधावर येऊन भरायचा आणि किती वेळा चावडीत बसून, हे मी सांगायला नको. मका असलेल्या वावरात कापूस लागायचा, विहीर बुजली तरी कागदावर वाहायची. आपणच ओरडत होतो की आमच्या पिकाची नोंद आम्हाला करू द्या. आता लेखणी आपल्या हातात आली, तर आपण म्हणतो "नेट नाही, जमत नाही, पुढच्या आठवड्यात बघू".

या नोंदीवर काय काय टांगलेलं आहे ते बघा. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, दिले, तेव्हा यादी ई-पीक पाहणीच्या नोंदीवरून निघाली. ज्यांची नोंद नव्हती त्यांना मागून खेटे घालावे लागले. एक रुपयातला पीक विमा २०२५ च्या खरिपापासून गेला, आता हप्ता पुन्हा आपल्या खिशातून भरावा लागतो. आणि विम्यात लिहिलेलं पीक एक, ई-पीक पाहणीत दुसरं, अशी तफावत आली तर पाहणीतली नोंद ग्राह्य धरतात. म्हणजे हप्ता भरून मोकळं झालं, असं नाही. हमीभावाची कापूस खरेदीसुद्धा आता ॲपवरच्या नोंदणीतून जाते, आणि तिथंही सातबारा बघतात.

सरकारलाही बोललं पाहिजे. काम आमच्या गळ्यात टाकलं, ठीक. पण शिकवायला कोण आलं? ग्रुपवर एक पीडीएफ फेकली, खाली 'सर्व शेतकरी बांधवांनी नोंद घ्यावी' लिहिलं, आणि जबाबदारी संपली. हवामानाचंही तसंच. देशातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४ च्या सुरुवातीला बंद करायचा आदेश निघाला. ॲप वाढत गेली आणि समजावून सांगणारी माणसं कमी होत गेली. दर हंगामात एक संध्याकाळ मारुतीच्या पारावर बसून वीस फोनांवर पाहणी करून दाखवली, तर त्या पीडीएफपेक्षा शंभर पट काम होईल. ही मागणी आपण ग्रामसभेत लावून धरली पाहिजे. पण ती पुरी होईपर्यंत नोंद कोरी ठेवायची का? तो आपलाच पाय आपल्याच कुऱ्हाडीवर मारायचा प्रकार झाला.

तर आता खुरप्याचं काम. जेवण झाल्यावर एक तास द्या, बास.

पहिली खुरपणी व्हॉट्सॲपची. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आहे. तिथं 'मीडिया ऑटो-डाउनलोड' मध्ये मोबाईल डेटा, वायफाय, रोमिंग, तिन्हीकडच्या सगळ्या खुणा काढून टाका. आता जो फोटो तुम्ही बोट लावून उघडाल तोच फोनमध्ये उतरेल. तिथंच वर 'मॅनेज स्टोरेज' आहे. त्यात खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या आणि आकारानं मोठ्या फायली वेगळ्या काढून दाखवतात. त्या उडवा. उडवायच्या आधी आपले पावतीचे, पिकाचे फोटो बाजूला काढून ठेवा, नाहीतर तणाबरोबर पीकही उपटाल. नानांच्या फोनमध्ये पाऊण तासात ३३ जीबी जागा मोकळी झाली. फोन 'नवा' झाला, रुपया लागला नाही.

दुसरं, न लागणारी ॲप काढा. तीन-तीन हवामानाची, चार बाजारभावाची, पोरांनी टाकलेले गेम. काय ठेवायचं? ई-पीक पाहणी. विजेसाठी दामिनी, कारण आपल्याकडं मृगाच्या तोंडावर माणसं आणि जनावरं विजेनंच जास्त जातात. हवामान सल्ल्यासाठी मेघदूत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला मंगळवार-शुक्रवारी निघतो, तो वाचायची सवय लावा. जाधववाडीचा, लासूरच्या कांद्याचा, पाचोडच्या मोसंबीचा भाव बघायला एक ठिकाण पुरे, पण गाडी भरायच्या आधी बघा, बाजारात जाऊन नको.

तिसरं, आणि यावर कुणीच बोलत नाही. तुमच्या फोनचं जीमेल खातं कुणी उघडून दिलं? निम्म्या गावाचं उत्तर एकच येईल: मोबाईलच्या दुकानदारानं. पासवर्ड? त्याच्याच वहीत. फोन विहिरीत पडला की फोटो, नंबर, कागद सगळं गेलं. आज पोराला बसवून पासवर्ड बदला, आणि खात्याचं नाव आणि पासवर्ड एका कागदावर लिहून सातबारा ठेवता त्या पेटीत ठेवा. आधारला आणि बँकेला जोडलेला नंबर रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते, आणि तुमचे ओटीपी परक्या माणसाच्या हातात जातात.

आता पाहणीच्या दिवसाबद्दल.

आदल्या रात्री फोन पूर्ण चार्ज करा, रेंज आहे तिथं उभं राहून ॲप अपडेट करा. जुनं ॲप ऐन मुदतीत दगा देतं. वावरात सकाळी जा. दुपारच्या उन्हात फोन तापतो, तापला की स्वतःहून मंद होतो, आणि आपण म्हणतो फोन जुना झाला. बाइकच्या हँडलवर उन्हात लावून नेलेला फोन तर पोहोचेपर्यंत तव्यासारखा झालेला असतो. खिशात ठेवा.

जीपीएसला नेट लागत नाही. तो उपग्रहाचा सिग्नल आहे, सिम नसलेल्या फोनलाही मिळतो. नेट असलं तर जागा लवकर सापडते, एवढंच. त्यामुळं मोकळ्या आभाळाखाली उभं राहा, लोकेशन चालू करून दोन मिनिटं थांबा, मग फोटो काढा. आंब्याखाली, पत्र्याखाली, बांधाच्या बाहेर उभं राहून काढलेला फोटो ॲप नाकारतं, कारण ते तुम्ही गटाच्या हद्दीत आहात का हे तपासतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: फोटो काढणं म्हणजे नोंद झाली असं नाही. रेंजमध्ये आल्यावर नोंद अपलोड झाली का, हे उघडून बघा. झाल्याचा स्क्रीनशॉट काढा. गावाच्या यादीत आपलं नाव आणि पीक दिसतंय का, ते बघा. नानांनी एवढं एकच केलं असतं, तर सोळा-सतरा हजारांची ही गोष्ट मला लिहावी लागली नसती.

घरातल्या बाईच्या नावावर जमीन आहे आणि नोंद मात्र नवऱ्याच्या गटाचीच झाली, असंही गावोगाव घडतं. एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. आई, बायको, भावजय, कुणाच्या नावावर चार गुंठे असले तरी ती नोंद राहू देऊ नका. आणि जमलं तर फोन तिच्याच हातात द्या. कापूस तीच वेचते, कोणत्या तासाला काय झालं ते तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

पुरावा म्हणून फोन

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते सांगायला नको. जायकवाडीतून पाणी सुटलं आणि गोदाकाठची वावरं पाण्याखाली गेली. वरच्या भागात नाल्यांनी मातीच खरवडून नेली. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत बऱ्याच ठिकाणी पाणी ओसरलं होतं. तेव्हा लोकांनी काढलेले फोटो बघितले. निम्म्या फोटोंत नुसतं पाणी. कुणाचं वावर, कोणतं पीक, काहीच कळत नाही. असा फोटो गोदावरीच्या काठावर कुठंही निघतो.

वावरात एक जागा ठरवा. विहीर, विजेचा खांब, लिंबाचं झाड, काहीतरी न हलणारं फोटोत आलं पाहिजे. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच दिशेला तोंड करून एक फोटो. उगवण झाल्यावर, पाते लागल्यावर, बोंडं भरल्यावर. नुकसान झालं की पुन्हा तिथूनच. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवले की वाद घालावा लागत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशनची खूण चालू ठेवा, आणि तारीख-वेळ आपोआप घेण्यावर असू द्या.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्याच्या पोटातली जागेची, वेळेची माहिती निघून जाते. पुरावा म्हणून फोटो पाठवायचा असेल तर पिनेच्या खुणेतून 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा. मूळ फोटो फोनमधून पुसू नका.

दुकानाची पावतीही तशीच. आजकालच्या बऱ्याच पावत्या गुळगुळीत थर्मल कागदावर येतात. पेटीत ठेवल्या की चार-सहा महिन्यांत कोऱ्या होतात. मी स्वतः फसलोय. एका वर्षी मक्याचं बी नीट उगवलं नाही, तक्रारीचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा पावतीवर फक्त दुकानाचं चित्र उरलं होतं, आकडे उडालेले. तेव्हापासून दुकानातून बाहेर पडायच्या आधी पावतीचा फोटो काढतो. बियाण्याच्या पिशवीवरच्या लेबलचा, लॉट नंबरचा, औषधाच्या बाटलीवरच्या बॅच नंबरचा आणि मुदतीचाही काढतो. पिशवी आणि टॅग तर ठेवायचेच, थोडं बीही ठेवायचं. पण फोटो उंदीर खात नाहीत.

बाटलीवरचं बारीक अक्षर वाचता येत नाही, ही तक्रार खरी आहे. फोटो काढा आणि दोन बोटांनी मोठा करा, भिंगाची गरज नाही. इंग्रजी असेल तर गुगल लेन्स मराठीत वाचून दाखवतं. ते शब्दाला शब्द बरोबर असेलच असं नाही, म्हणून प्रमाणाच्या आकड्याची खात्री माणसाला विचारूनच करा. पण त्रिकोणाचा रंग बघायला ॲप लागत नाही. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे पाठच करा.

वही लिहायचा कंटाळा येतो ना? व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. कीबोर्डवरच्या माइकची खूण दाबा आणि मराठीत बोला, फोन लिहून घेतो. "आज आल्याला दुसरी आळवणी. दोन एकर. चार माणसं." एवढंच. पण व्हॉइस मेसेज नको, लिहिलेलं हवं, कारण वर्षानं 'आळवणी' शब्द शोधला तर लिहिलेलंच सापडतं. मार्च महिन्यात खर्चाचा हिशेब मांडायला बसाल तेव्हा ही चार-चार शब्दांची नोंद तुमच्या मुनिमाचं काम करील.

'फोटो पाठवतो, औषध सांगा'

आता ज्याच्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. यात शेतकरी आणि सल्लागार दोघांनाही बोलणार आहे.

रोज सकाळी ग्रुपवर फोटो येतात. हलवलेला, उन्हात पांढरा पडलेला, एका पानाचा. खाली लिहिलेलं: 'सर काय मारू?' आणि पाच मिनिटांत तीन उत्तरं, तीन ब्रँड, वर 'सोबत टॉनिक घ्या'. हे निदान नाही, हा सट्टा आहे. आणि सट्ट्याचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात.

कापसाचं पान लाल झालं. तुडतुड्यानं झालं? मॅग्नेशियम कमी पडलं? नत्र कमी पडलं? की बोंडं भरताना रात्री थंडी पडली म्हणून? वरून चारही लाल दिसतात. पान उलटं करून खालचा फोटो काढला तर तुडतुडा दिसतो किंवा दिसत नाही, आणि अर्धा प्रश्न तिथंच सुटतो. आल्याचं पान शेंड्याकडून पिवळं पडलं. पानाचा फोटो कितीही चांगला काढा, उत्तर पानात नाही. कोंब हलकेच ओढून बघा, बुडाशी मऊ लागतोय का, कंदाला वास येतोय का. कंद कापून त्याचा फोटो पाठवा. मक्यात लष्करी अळी शोधायची तर भोकाचा फोटो कशाला? पोंगा उघडा. गुलाबी बोंडअळीला बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं. डोमकळी शोधा, दहा-वीस बोंडं फोडा, कितीत अळी निघाली ते मोजा आणि तो आकडा लिहा. आकडा फोटोपेक्षा मोठा असतो.

म्हणून फोटो चार पाठवायचे. एक लांबून अख्ख्या वावराचा, म्हणजे रोग पट्ट्यात आहे, ठिपक्या-ठिपक्यात आहे की सगळीकडं, ते कळतं. दुसरा पूर्ण झाडाचा. तिसरा पानाच्या दोन्ही बाजूंचा. चौथा मुळाचा, बुडाचा किंवा फोडलेल्या फळाचा. सोबत लिहा: वाण, लागवडीची तारीख, शेवटचं पाणी आणि खत कधी, शेवटची फवारणी कोणती. काढताना कॅमेऱ्याची काच मऊ कापडानं पुसा. फवारणीचा, घामाचा थर बसलेला असतो, म्हणून फोटो धुरकट येतो आणि आपण पुन्हा नवा फोन घ्यायला निघतो. पान स्वतःच्या सावलीत धरा. फोन वीतभर लांब ठेवा, स्क्रीनवर पानाला बोट लावा, नेम स्थिर झाला की काढा. फार जवळ गेलात तर साधा फोन पुसट काढतो, त्यापेक्षा थोडं लांबून काढून मग मोठं करा.

आता सल्लागार मंडळींना, हात जोडून. तुम्ही शिकलेली माणसं आहात, कामाचा ताण आहे, दिवसाला शंभर फोटो येतात हे मान्य. पण एका पुसट फोटोवर औषध लिहून देऊ नका. 'पान उलटं करून दाखवा' एवढं उत्तर द्या, ते औषधापेक्षा मोलाचं आहे. ब्रँडचं नाव लिहू नका, घटकाचं नाव आणि टक्केवारी लिहा. नाहीतर एकच घटक तीन नावांनी तीन वेळा फवारला जातो, आणि कीड मरण्याऐवजी शहाणी होते. प्रमाण पाण्याच्या लिटरवर लिहा, 'एक झाकण' लिहू नका, कारण झाकण प्रत्येक बाटलीचं वेगळं असतं. लिहूनच द्या, व्हॉइस मेसेज सोडू नका. वावरात पंपाच्या आवाजात तो ऐकू येत नाही आणि नंतर शोधताही येत नाही. आणि जेव्हा काही मारायची गरज नसते, तेव्हा 'काही मारू नका' असं स्पष्ट लिहायची हिंमत ठेवा. शेतकरी नाराज होईल. वर्षभरानं तोच तुमचं नाव घेईल.

काहीजण म्हणतील, आता एआय आलंय, फोटो टाकला की उत्तर मिळतं. मिळतं, आणि मीही विचारून बघतो. पण त्यालाही पुसट फोटो दिला तर उत्तर पुसटच मिळणार. बी जसं तसं पीक. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर २००४ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलतो. तिथंही माणूस पहिल्यांदा हेच विचारतो: लागवड कधीची, वाण कोणता, काय दिसतंय. उत्तर मशीननं द्यायचं असो की माणसानं, बघायचं काम आपलंच आहे.

शेवटचं, चोरांबद्दल

खुरपलेल्या वावराला कुंपण लागतं. ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची फाईल येते, शेवटी 'एपीके' लिहिलेलं असतं. ती बोटही लावू नका. हप्ता फाईल उघडून मिळत नाही. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे जाणार आहेत. 'स्क्रीन शेअर करा, मी नोंदणी करून देतो' म्हणणाऱ्याचा फोन तिथंच ठेवा. आणि चूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. उशीर झाला की पैसे दहा खात्यांत फिरून जातात.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, साधा फोन होता तेच बरं होतं. मलाही कधीकधी तसं वाटतं. पण तो काळ गेला. आता पिकाचा साक्षीदार फोनच आहे. साक्षीदार झोपलेला असला की खटला आपणच हरतो.

नाना परवा फोन घेऊन घरी आले. म्हणाले, "आता उघडतो लगेच. पर त्या सात ग्रुपात लोक विचारू राहिले, नाना दिसत न्हाईत म्हणून." मी म्हणालो, "सांगा त्यांना, वावरात हाये."

यंदाच्या पाहणीचा पहिला फोटो त्यांनी विहिरीजवळ उभं राहून काढला. अपलोड झाल्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला. डॉक्युमेंट म्हणून.